पाहुण्यांच्या चादरी

आरोग्यखात्याच्या नियोजनबाईंनी आपल्या खोलीच्या दारावर कागद चिकटवला आणि चिकटपट्टी नीट बसावी म्हणून तिच्यावरून अंगठा फिरवला. मग मागे सरून वाचून पाहिलं. ‘शांत काळ सुरू आहे. कृपया भेटीगाठी नकोत.’ कागद जरा तिरकाच लागला होता, पण तो सरळ करत बसायला वेळ कुणाला होता?

“आता कोणीही आलं तरी मी नाही,” त्या शिपायाला म्हणाल्या.

“सचिवसाहेब आले तरी?”

“ते आले तर तू खोकायचं. मी टेबलाखाली बसते.”

शिपाई हसला नाही. गेल्या काही दिवसांतला बाईंचा अवतार त्याने पाहिला होता. टेबलाखाली बसतीलही, असंच त्याला वाटलं असणार.

शांत काळ ही बाईंचीच कल्पना. आरोग्यखात्याचं अख्खं वर्ष परदेशी मिशनांच्या, म्हणजे पाहणीला येणाऱ्या पथकांच्या, सरबराईत जायचं. एक मिशन लसी पाहायला यायचं, दुसरं पाणी पाहायला, आणि तिसरं या दोघांचा आपसांत समन्वय आहे की नाही ते पाहायला. सगळ्यांना माहिती तीच हवी, पण ज्याच्या त्याच्या तक्त्यात. सगळ्यांना दुर्गम भागातलं केंद्र बघायचं, पण दिवस मावळायच्या आत हॉटेलवर परतायचं. त्यामुळे जिथवर डांबरी रस्ता होता त्या एकाच केंद्रावर सगळ्यांना नेलं जाई. ही मंडळी पैसे देत, म्हणून पूर्वी त्यांना दाते म्हणत. पुढे कुठल्याशा मोठ्या परिषदेत ठरलं की दाते म्हणायचं नाही, भागीदार म्हणायचं. देशाने पुढे चालायचं, आपली कामं आपण ठरवायची, आणि भागीदारांनी मागून यायचं. बाईंना ते मनापासून पटलं होतं. तो ठराव हातात धरून त्यांनी दोन वर्षं प्रत्येक बैठकीत एकच तुणतुणं लावलं: बजेट लिहायच्या दिवसांत तरी कोणी येऊ नका, आमचं आम्हाला लिहू द्या. शेवटी सगळ्यांनी मान्य केलं. खात्यात त्याला पाहुणेबंदी म्हणत.

या पाहुणेबंदीत बाईंना एकच काम तडीस न्यायचं होतं. प्रसूती केंद्रांवरच्या नर्सा भागीदारांच्या पैशांवर होत्या. प्रकल्प आहे तोवर पगार, संपला की घरी. मागे दोनदा तसं झालं. दोन्ही वेळा नवा प्रकल्प मंजूर होईपर्यंत केंद्रांना कुलपं लागली, आणि एक बाई कुलूप घातलेल्या दारासमोर, पायरीवर बाळंत झाली. ते बाईंना फोनवर रडत रडत सांगितलं होतं त्यांच्या सख्ख्या धाकट्या बहिणीने, कारण कुलूप लावून घरी गेलेली नर्स तीच होती. या खेपेला ही पदं देशाच्या स्वतःच्या बजेटमध्ये घालून घ्यायची, कायमची, असं बाईंनी ठरवलं होतं. प्रस्ताव अर्थखात्याकडे पोचवायची मुदत उद्या संध्याकाळी संपत होती. अर्धा लिहून झाला होता. उरलेल्या अर्ध्यासाठी त्यांना सलग एक दिवस हवा होता, मध्ये कोणी न बोलता.

बाहेर शिपाई खोकला.

बाई टेबलाखाली गेल्या नाहीत. पण क्षणभर खाली वाकून चपला मात्र शोधल्या. दार उघडलं तेव्हा सचिव उभे होते आणि त्यांच्या मागे गळ्यात ओळखपत्रं अडकवलेले पाहुणे. सर्वांत पुढचा इतका उंच होता की चौकट लागेल म्हणून तो वाकला, आणि वाकल्यावर त्याला दारावरचा कागद दिसला. दुभाष्याने तो वाचून दाखवला. उंच साहेबांनी छातीवर हात ठेवला.

“ही मंडळी शांत काळाचा अभ्यास करायला आली आहेत,” सचिव म्हणाले. त्यांचा चेहरा उतरलेला होता. आदल्या दिवशीच कुठलं तरी दुसरं मिशन त्यांनी विमानतळावर पोचवलं होतं. “आपला प्रयोग फार गाजलाय म्हणे तिकडे. इतर देशांनाही दाखवायचाय.”

“पण साहेब, शांत काळात मिशन येत नाहीत.”

“म्हणून तर आलेत. शांत काळ संपल्यावर येऊन बघणार काय?”

बाईंनी सचिवांकडे पाहिलं. ते थट्टा करत नव्हते. थट्टा करण्याइतकी ताकद त्यांच्यात उरली नव्हती.

उंच साहेबांना बाईंचा फोटो हवा होता, कागदाशेजारी उभं राहून. बाई उभ्या राहिल्या. फोटो काढण्यापूर्वी उंच साहेबांनी पुढे होऊन तिरका कागद हलक्या हाताने सरळ केला, चिकटपट्टी पुन्हा दाबली आणि माफी मागितल्यासारखे हसले. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर बाईंना बरं पडलं असतं, निदान मनातल्या मनात शिव्या तरी घालता आल्या असत्या.

“तुमची सर्वांत मोठी गरज कोणती?” त्यांनी विचारलं.

“उद्याचा दिवस,” बाई म्हणाल्या.

दुभाषी अडखळला. बाईंनी मग नीटच सांगितलं: प्रसूती केंद्रांवरच्या नर्सा, त्यांचे अधूनमधून बंद पडणारे पगार, पायरीवरची बाळंतीण, उद्याचा प्रस्ताव. उंच साहेब मान खाली घालून ऐकत होते. मध्येच त्यांनी बाळाचं काय झालं ते विचारलं. बाळ वाचलं होतं. ते ऐकून त्यांनी खरोखर सुस्कारा टाकला आणि वहीत काहीतरी लिहून घेतलं.

बाहेर पडताना सचिव मागे रेंगाळले.

“उद्या दिवसभर कार्यशाळा ठेवली आहे. ‘विकासाचं नेतृत्व देशाकडे.’ उद्घाटन तुम्ही करायचं.”

“आणि प्रस्ताव?”

“रात्री बसा ना जरा.”

“रात्री बसूनच अर्धा झालाय, साहेब.”

सचिवांनी चष्मा काढून डोळे चोळले. “मग मी काय करू बाई, तुम्हीच सांगा.”

सचिव गेल्यावर बाईंनी क्षेत्रभेटीची नोंद केली. खात्यात माणूस आजारी पडला तरी त्याला घरून बोलावून आणत, पण क्षेत्रभेटीवर गेलेल्या माणसाला कोणी हात लावत नसे. केंद्र म्हणून त्यांनी डांबरी रस्त्यावरचं तेच, बहिणीचं केंद्र टाकलं. मग बहिणीला फोन केला.

“बारके, उद्या येते मी. मला काही नको. एक टेबल दे आणि दिवसभर माझ्याशी कोणी बोलू नका.”

“ये की,” बहीण म्हणाली. “टेबल काय, मिळेल.”

*

बस केंद्राच्या फाट्यावर थांबली तेव्हा ऊन वर आलं होतं. बाई लॅपटॉपची पिशवी छातीशी धरून चालत निघाल्या. फाटकाजवळ पोचल्या आणि त्यांचे पाय थबकले.

व्हरांड्यात बायका ओळीने बसवल्या होत्या. पोटुशा पुढे, कडेवर मूल असलेल्या मागे. सगळ्यांच्या अंगावर धुतलेले कपडे. दारात डॉक्टर उभे होते, त्यांच्या पांढऱ्या कोटावर घड्या दिसत होत्या. आत खाटांवर फिक्या हिरव्या चादरी अंथरल्या होत्या. त्या चादरी बाईंच्या ओळखीच्या होत्या. इतक्या वर्षांत कितीतरी मिशनांबरोबर बाई इथे आल्या होत्या, आणि दर वेळी मनात म्हणाल्या होत्या की बाकी काही असो, या केंद्राच्या चादरी स्वच्छ असतात.

“या मॅडम, या,” डॉक्टर पुढे आले. “खात्यातून काल फोन आला, तुमची भेट आहे म्हणून. आधी केंद्राची माहिती देतो, मग लाभार्थींशी संवाद, मग चहा.”

“अहो, मी भेटीसाठी नाही आले.”

“हो हो, कळलं,” डॉक्टर म्हणाले. त्यांना काही कळलेलं नव्हतं. त्यांनी खूण केली तशी पुढच्या ओळीतली एक पोटुशी बाई भिंतीचा आधार घेत उठली.

“आम्हाला इथे सगळी सेवा वेळेवर मिळते,” ती बाईंच्या डोक्यावरून लांब कुठेतरी बघत म्हणाली. “सिस्टर प्रेमाने बोलतात. आम्ही समाधानी आहोत.”

हे वाक्य बाईंनी किती वेळा ऐकलं होतं! दर वेळी त्या पाहुण्यांच्या शेजारी उभ्या असत आणि दुभाषी ते सांगत असताना त्यांना थोडं बरंही वाटत असे. आज ते त्यांनाच म्हणून दाखवलं जात होतं. त्यांचे कान तापले.

डॉक्टरांच्या मागे, नर्सच्या गणवेशात, हात पुढे जोडून बारकी उभी होती.

“नमस्कार मॅडम,” ती म्हणाली.

“तू पण?” बाई म्हणाल्या.

मग बाईंनी सगळ्यांसमोर हात जोडले, मोठ्याने सांगितलं की भेट झाली, फार छान झाली, आता आपापली कामं करा. बायका जागच्या हलेनात. भेट एवढ्यात कशी संपेल? डॉक्टरांना तर आपलं काही चुकलं असं वाटून घाम फुटला. शेवटी बारकीनेच टाळी वाजवली. “चला ग, झालं. तपासणीला लागा रांगेत.” तेव्हा कुठे सगळ्या उठल्या.

आत आल्यावर बारकीचा चेहरा बदलला.

“सकाळपासून बसल्यात त्या,” ती दबक्या आवाजात म्हणाली. “तपासणी बंद. काल दुपारनंतरही बंदच होती, फरशी धुवायची म्हणून. ती बोलायला उठली ना, तिचे पाय बघितलेस? सुजलेत. तिला आधी घ्यायचं होतं मला.”

“मी फक्त टेबल मागितलं होतं ग.”

“माझ्याकडे टेबल मागितलंस. खात्याला भेट सांगितलीस. खात्याने डॉक्टरांना फोन केला. डॉक्टर तर बिचारे सगळ्यांनाच भितात.” तिने खाटेवरची हिरवी चादर एका झटक्यात ओढली. खाली रेक्झिनची गादी होती, कोपऱ्यात फाटलेली. “तुला सांगू का ताई, तुम्ही लोक येता ना, त्या दिवशी इथे कोणाला तपासलं जात नाही.”

‘तुम्ही लोक’ हे बाईंना लागलं. चादरीचं दुसरं टोक त्यांनी धरायला घेतलं, पण बारकीने एकटीनेच घडी घातली.

टेबलाचंही सोपं नव्हतं. प्रशिक्षणाची खोली एका भागीदाराने बांधून दिली होती. तिची किल्ली त्यांच्या समन्वयकाकडे असे आणि तो जिल्ह्याच्या गावी राहत असे. शेजारची खोली दुसऱ्या भागीदाराची, किशोरवयीन मुलींना सल्ला देण्यासाठी. तिथे दुसरं काही केलेलं आढळलं तर शेरा येई. शेवटी बारकीने ताईला बाळांची वजनं करायच्या खोलीत बसवलं. तिथे एका लांब टेबलावर तीन काटे ओळीने मांडले होते. बाईंनी कडेचा काटा जरा सरकवला आणि लॅपटॉप उघडला.

पहिलं बाळ आलं. बारकीने त्याला एका काट्यावर ठेवलं, वजन लिहिलं. उचलून दुसऱ्यावर ठेवलं, लिहिलं. तिसऱ्यावर ठेवेपर्यंत बाळाने सगळं केंद्र डोक्यावर घेतलं.

“हे काय चाललंय?” बाईंनी विचारलं.

“तिघांचे तीन प्रकल्प. ज्याने काटा दिला त्याच्या काट्यावरचंच वजन त्याला चालतं.”

“आणि तिन्ही सारखी येतात?”

“छे! सारखी कुठली.”

“मग आईला कुठलं सांगतेस?”

“जास्त भरतं ते,” बारकी म्हणाली. “तेवढंच तिला बरं वाटतं.”

बाई हसल्या. किती दिवसांनी हसल्या होत्या कुणास ठाऊक. बारकीही हसली, आणि मग दोघींमधलं अवघडलेपण थोडं सैल झालं.

दिवसभर बाई लिहीत राहिल्या. बाळं येत, एकेक जण तीनतीनदा रडे. बायकांची बडबड, सफाईवाल्या मावशींच्या बादलीचा आवाज, बाहेर कुणाचं तरी खोकणं. इतक्या गोंगाटात आपल्याला इतकं सुचेल असं बाईंना वाटलं नव्हतं. इथे कोणी त्यांना काही विचारत नव्हतं, एवढंच खरं. कोणत्या केंद्राला किती नर्सा, त्या कशासाठी, प्रकल्प संपल्यावर केंद्र बंद पडलं तर काय होतं, सगळं त्या सरळ लिहीत गेल्या. भागीदारांना आवडणारे शब्द त्यांनी एकूण एक काढून टाकले. हे आपल्याच अर्थखात्याने वाचायचं होतं.

दुपारी गर्दी ओसरली तशी बारकी मागे येऊन उभी राहिली आणि पडद्याकडे बघत राहिली.

“यात माझं नाव आहे?”

“नावं नसतात ग. पदं असतात.”

“म्हणजे मी गेले तरी पद राहतं?”

“तू कशाला जातेस?”

बारकी काट्यावरची धूळ बोटाने पुसू लागली. “तुला सांगायचं होतं. एक एजंट आहे. तिकडे परदेशात म्हाताऱ्यांच्या आश्रमात नर्सा लागतात. वयस्कर लोकांना उठवायचं, बसवायचं, आंघोळ घालायची. पगार चांगला आहे. सोमवारी त्याला हो-नाही सांगायचंय.”

“आणि मुलगी?”

“आई सांभाळीन म्हणाली.”

“आईला माहितेय? आणि मला कोणी सांगितलं नाही?”

“तू दर वेळी म्हणतेस, थांब, या वर्षी होईल. आईचं म्हणणं, तुला सांगितलं तर तू पुन्हा थांब म्हणशील.” बारकी आता ताईकडे बघत होती. “मला जायची हौस नाही ग. इथल्या अर्ध्या गावाची नाळ मी कापलीय. पण प्रकल्प संपत आला की तीन महिने झोप लागत नाही मला. आता वय नाही राहिलं दर वेळी नव्याने भ्यायचं. कायम झाले तर राहते. नाहीतर जाते. मी ठरवून टाकलंय.”

बाईंना वाटलं, म्हणावं, थांब. तो शब्द ओठांपर्यंत आला आणि त्यांनी तो गिळला.

“कायमच आहे हे,” त्या पडद्यावर बोट ठेवून म्हणाल्या. “शप्पथ. वाच इथे.”

बारकीने वाचलं. ओठ हलवत, सावकाश. मग तिने मावशींना हाक मारून ताईसाठी चहा मागवला, साखर जास्त घालून.

ऊन उतरायला लागलं तेव्हा प्रस्ताव पुरा झाला. फोनला पुरेशी रेंज फक्त पाण्याच्या टाकीच्या पायऱ्यांवर येत होती. बाई तिथे चढून बसल्या आणि सचिवांकडे प्रस्ताव पाठवला. त्यांनी सही करून तो पुढे अर्थखात्यात पोचवायचा होता. गेल्याची खूण दिसली तेव्हा बाईंनी डोळे मिटले. मुदतीला अजून अवकाश होता. अंग इतकं आंबलं होतं की तिथेच पायरीवर आडवं व्हावंसं वाटलं.

खाली आल्या तर व्हरांड्यात बारकी उरलेल्या हिरव्या चादरींच्या घड्या घालत होती. या वेळी तिने आपणहून एक टोक ताईकडे टाकलं. लहानपणी दोघी अशाच आईला चादरी घडी करून द्यायच्या, आणि बारकी ऐन वेळी टोक सोडून पळायची. आजही तिने टोक सोडल्याचं नाटक केलं. बाईंनी तिला चापट मारली. चादरी प्लॅस्टिकच्या पिशवीत गेल्या, पिशवी कपाटात गेली, आणि बारकीने किल्ली कमरेला अडकवली.

“रोज का नाही ग वापरत या?”

“एकदा वापरल्या होत्या. बाळंतपणाच्या खोलीत डाग पडायचाच ना? तेवढ्यात मिशन आलं, त्यांनी डागाचा फोटो काढला. तेव्हापासून पाहुण्यांपुरत्या.”

फोन वाजला. सचिव होते. बाई पुन्हा टाकीच्या पायऱ्यांकडे धावल्या.

“बाई, अभिनंदन!” सचिवांचा आवाज कालपेक्षा बराच ताजा होता. “कार्यशाळा उत्तम झाली. तुमच्या उंच साहेबांनी भाषणात सबंध वेळ तुमचंच सांगितलं. तो कागद, ती पायरीवरची बाळंतीण. लोकांच्या डोळ्यांत पाणी.”

“प्रस्ताव मिळाला का साहेब? सही?”

“तेच सांगतोय. आता त्याची गरज नाही. त्यांच्याकडे या वर्षाचे थोडे पैसे शिल्लक आहेत, वर्ष संपायच्या आत खर्च करायला हवेत. त्यांनी तिकडे फोन लावून मंजुरी आणली, तिथल्या तिथे. सगळ्या नर्सांचे पगार, पुढची तीन वर्षं. ऐकताय ना?”

बाई ऐकत होत्या.

“साहेब, मला पैसे नकोत. पदं हवी आहेत. तीन वर्षांनी पुन्हा—”

“तीन वर्षांनी मी निवृत्त असेन, आणि तुम्ही पण असाल बहुतेक.” ते हसले, मग त्यांचा आवाज खाली आला. “हे बघा बाई, कायमची पदं म्हणजे आयुष्यभराचा खर्च. अर्थखातं एवीतेवी कापणारच होतं. आता तर विचारतील, बाहेरून मिळतंय तर तुम्ही का मागता? काय उत्तर देऊ मी? मी तुमचा प्रस्ताव पाठवला नाही. चिडू नका.”

“पण हे आम्ही ठरवायचं होतं ना?” बाईंचा आवाज चिरकला. “आजची कार्यशाळा त्यावरच होती ना?”

“तुम्ही मागितलंत आणि त्यांनी दिलं. आणखी कसं ठरवायचं असतं?”

बाईंनीच सांगितलं होतं सगळं, दारात उभं राहून. तो भला माणूस मान खाली घालून ऐकत होता, त्याने बाळाचंही विचारलं होतं. त्याला फक्त कळलं नव्हतं, आणि आता ते त्याला सांगायचं कोणत्या तोंडाने? रागावायला समोर कोणी नव्हतंच.

“आणि एक,” सचिव म्हणाले. “उद्या त्यांना एखादं केंद्र बघायचंय. शांत काळात केंद्र कसं चालतं ते. तुम्ही तिथे आहातच, तर म्हटलं तेच सोयीचं. डॉक्टरांना मी कळवलंय. तुम्ही मुक्काम करा आजचा.”

बाई टाकीवरून उतरल्या तेव्हा डॉक्टर व्हरांड्यातून लगबगीने आत जाताना दिसले, कोट हातात घेऊन. बारकी पायरीवर बसली होती. बहुतेक त्याच पायरीवर. तिने ताईचा चेहरा पाहिला आणि उठली.

“काय झालं?”

“पगार मिळणार,” बाई म्हणाल्या. “सगळ्यांना. बंद पडणार नाही.”

“कायम?”

बाईंनी पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला.

“तीन वर्षं.”

बारकीने मान हलवली. ती रडली नाही, चिडलीही नाही. बाईंना वाटलं, निदान चिडावं हिने, दोन शब्द बोलावेत, म्हणजे आपल्यालाही बोलता येईल. पण तिने फक्त गणवेशाचा मागचा भाग झटकला आणि आवारात पाहिलं. कोणीतरी झाडू घेऊन निघालं होतं.

“उद्या येणारेत ना?” तिने विचारलं. “किती जण?”

“पाच-सहा.”

“उद्या लसीचा दिवस आहे. लांबून येतात बायका.” ती स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली. मग तिने वळून हाक मारली. “मावशी, जरा इकडे या.”

मावशी ओले हात पुसत आल्या. बारकीने कमरेची किल्ली सोडली आणि त्यांच्या तळहातावर ठेवली.

“ही त्या कपाटाची. कुलूप अडकतं, किल्ली आत घालून जराशी वर उचलायची, मग फिरते. हिरव्या चादरी खालच्या फळीवर आहेत. पाहुणे यायच्या आदल्या दिवशी काढायच्या, गेले की लगेच धुवायच्या आणि सावलीत वाळवायच्या, उन्हात रंग उडतो. डॉक्टरांना विचारत बसू नका, त्यांना काही ठाऊक नसतं.”

“मला कशाला सांगताय सिस्टर?” मावशी म्हणाल्या. “तुम्ही आहात की.”

बारकीने कपाटाकडे बोट दाखवलं. मावशींनी कपाट उघडलं; किल्ली एकदा अडकली, मग फिरली. पिशवीतून चादरी बाहेर आल्या, मघाशी घातलेल्या घड्यांसकट. बारकीने वरची उलगडली आणि तिचं एक टोक ताईपुढे धरलं.

“धर ग ताई.”

बाईंनी धरलं. दोघींनी मिळून ती खाटेवर पसरली, फाटलेला कोपरा झाकला जाईल अशी.

“नीट ताण,” बारकी म्हणाली. “तुझ्या बाजूला सुरकुती राहिलीय.”